पहिली प्रॅक्टिकल शूटिंग मॅच: 'आधी सराव करतो, मग येतो' हे सोडून द्या

प्रश्न थोडक्यात असा. ओहायोत राहणारे एक गृहस्थ. गेल्या वर्षी ग्रीन कार्ड हातात आलं, मग ग्लॉक १९ घेतलं. आठ-नऊ महिने इनडोअर रेंजवर जाऊन कागदावर नेम धरतायत. जवळच्या क्लबात महिन्यातून एका रविवारी प्रॅक्टिकल शूटिंगची मॅच असते. एकदा लांबून बघून आले. माणसं पळतायत, पळता पळता मॅगझिन बदलतायत, लोखंडी पत्रे खणाखण पडतायत. ते बघून यांनी ठरवलं की अजून वर्षभर सराव करू आणि मग नाव देऊ. विचारतात की नक्की किती सराव पुरे, सामान काय घ्यायचं, आणि तिथे आपलं हसं तर होणार नाही ना?

मी चौदा वर्षं हा खेळ खेळतोय, त्यातली नऊ वर्षं टायमर हातात घेऊन रेंज ऑफिसर म्हणूनही उभा राहतोय. माझं उत्तर: पुढच्याच मॅचला जा. वर्षभर थांबून हाती काही लागणार नाही, कारण मॅचमध्ये जे लागतं ते इनडोअर रेंजवर करूच देत नाहीत. बहुतेक ठिकाणी होल्स्टरमधून पिस्तूल काढायला बंदी, जागचं हलायला बंदी, भराभर गोळ्या झाडायलाही बंदी. तो सराव म्हणजे लहानपणी सायकल स्टँडवर लावून पेडल मारायचो तसला. चाक मस्त फिरतं, पण तोल सांभाळायला येत नाही.

दोन गोष्टी मात्र यायला हव्यात. दहा यार्डांवर जेवणाच्या ताटलीएवढ्या जागेत, घाई न करता, दहापैकी दहा गोळ्या बसायला हव्यात. आणि नेम धरलेला नसेल तेव्हा बोट चापावर नसावं, हे आठवण न करता व्हायला हवं. पहिली गोष्ट थोडी कच्ची असली तरी चालून जाईल. दुसरी कच्ची असेल तर कृपा करून येऊ नका.

पुढे जाण्याआधी कायद्याचं बोलून घेतो, कारण हे वाचणाऱ्या आपल्या लोकांत एच-१बीवाले बरेच असणार. तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, त्यामुळे केंद्रीय कायद्याची ती अडचण तुम्हाला नाही. पण एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. अपवाद मोजके आहेत, अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना हा त्यातला एक. आणि 'बाळगणं' म्हणजे विकत घेणंच नव्हे, मित्राचं पिस्तूल रेंजवर हातात घेतलं तरी ते त्यात येतं. 'टीममधले सगळे गेले होते, म्हणून मीही गेलो' हे इमिग्रेशनच्या फायलीत कुणी ऐकून घेत नाही. असा व्हिसा असेल तर मॅचच्या आधी वकील गाठा. राज्याराज्यांचे नियमही वेगळे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सीत दहापेक्षा जास्त गोळ्यांचं मॅगझिन चालत नाही. ओहायोत तशी मर्यादा नाही, पण सीमेपलीकडच्या क्लबात जाणार असाल तर तिथलं बघून जा.

आता हा खेळ काय आहे ते. आपल्याकडे नेमबाजी म्हटलं की डोळ्यांसमोर येते अंजली भागवत, कोल्हापूरची राही सरनोबत, किंवा २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ घेणारा स्वप्नील कुसाळे. राहीचा २५ मीटर पिस्तूलचा प्रकार बघा. रॅपिड फेरीत तीन सेकंद लक्ष्य, सात सेकंद विश्रांती, असं एकेक गोळीचं चक्र. माणूस जागच्या जागी, हात एक, श्वाससुद्धा मोजून. प्रॅक्टिकल शूटिंग नेमकं उलट आहे. हात दोन, जागा दहा. लक्ष्यं कुठे किती हे स्टेज, म्हणजे मॅचमधला एकेक टप्पा, मांडणारा ठरवतो, आणि ती कोणत्या क्रमाने उडवायची हे तुम्ही. १९७६ मध्ये मिझुरीतल्या कोलंबिया गावी जेफ कूपर वगैरे मंडळी जमली आणि आयपीएससी ही आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. अचूकता, ताकद आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द हे तिचं ब्रीद. अमेरिकेत तिची शाखा म्हणजे यूएसपीएसए, आणि तुमच्या क्लबातली मॅच बहुधा तिच्याच नियमांनी होते.

या तीन शब्दांचं गणित गुणांत कसं उतरतं, ते नीट समजून घ्या. नव्या माणसाचा सगळा घोळ इथेच होतो.

टार्गेट म्हणजे खाकी पुठ्ठा. त्यावर ए, सी आणि डी असे भाग, पण त्यांच्या रेषा नुसत्या दाबून काढलेल्या, दहा पावलांवरून दिसतसुद्धा नाहीत. ए म्हणजे मधला उभा पट्टा, साधारण सहा इंच रुंद आणि अकरा इंच उंच. तुमच्या नऊ एमएमला 'मायनर', म्हणजे कमी ताकदीच्या गटातलं, धरतात, त्यात एला ५ गुण, सीला ३ आणि डीला १. गोळी टार्गेटला लागलीच नाही तर उणे १०. मध्येच पांढरा 'नो-शूट' पुठ्ठा लावलेला असतो, त्याला लागली तर आणखी उणे १०. एकूण गुण भागिले सेकंद, म्हणजे हिट फॅक्टर. ज्याचा हिट फॅक्टर सगळ्यांत मोठा तो स्टेजचे पूर्ण गुण घेतो, बाकीच्यांना त्याच्या प्रमाणात मिळतात.

एक उदाहरण घेऊ. स्टेजवर बारा टार्गेट, प्रत्येकी दोन गोळ्या, एकूण १२० गुण. पहिला माणूस जपून खेळला: १९ ए, ५ सी, म्हणजे ११० गुण, वेळ २२ सेकंद. हिट फॅक्टर ५.००. दुसरा सुसाट गेला: १३ ए, १० सी, १ डी, म्हणजे ९६ गुण, वेळ १८ सेकंद. हिट फॅक्टर ५.३३. दुसरा जिंकला. हे बघून नवखा म्हणतो, 'अच्छा, म्हणजे वेगच खरा!' आणि तिसरा माणूस होतो: २० सेकंद, २० ए, २ सी आणि २ चुकलेल्या. १०६ मधून २० वजा, राहिले ८६. हिट फॅक्टर ४.३०. याच माणसाने त्या दोन चुका ओळखून जागच्या जागी आणखी दोन गोळ्या झाडल्या असत्या आणि त्यात एक सेकंद घालवला असता, तर २२ ए, २ सी, ११६ गुण, २१ सेकंद. हिट फॅक्टर ५.५२. तिघांतही पहिला! बहुतेक स्टेजवर जादा गोळीला दंड नसतो, खर्च होतो तो फक्त वेळ. चुकलेली गोळी पंधरा गुण घेऊन जाते, पाच मिळाले नाहीत ते आणि वर दहा दंडाचे. पाचच्या हिट फॅक्टरला पंधरा गुण म्हणजे तीन सेकंद. त्याच हिशेबाने एच्या जागी सी लागणं म्हणजे ०.४ सेकंद. तेव्हा सीसाठी रडू नका, माइकला मात्र सोडू नका. माइक म्हणजे मिस. आरओ, म्हणजे रेंज ऑफिसर, टार्गेटपाशी उभं राहून गुण नोंदवणाऱ्या टॅब्लेटवाल्याला ओरडून सांगतो, 'टू अल्फा', 'अल्फा चार्ली', 'अल्फा माइक'. ते शेवटचं ऐकू आलं की पोटात खड्डा पडतो, अजूनही पडतो.

पहिल्या मॅचला हे सगळं बाजूला ठेवून ज्या गतीने नळीवरचा पुढचा दाणा स्पष्ट दिसतो त्या गतीने चाला. शेवटून दुसरे याल. काही बिघडत नाही, तुमचा नंबर बघायला कुणाला वेळ नसतो, जो तो स्वतःचाच माइक मोजत असतो.

हसं होण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. हळू खेळणाऱ्याला कुणी हसत नाही. पण कामात हातभार न लावणाऱ्याची सगळे नोंद घेतात. दहा-बारा जणांचं एक स्क्वॉड असतं आणि मॅचमध्ये पाच-सहा स्टेज. एका स्टेजला तुम्हाला वीस-पंचवीस सेकंद लागतात. म्हणजे अख्ख्या दिवसात तुमची नेमबाजी दोन-अडीच मिनिटांची, आणि चार तास श्रमदान. प्रत्येक नेमबाजानंतर पुठ्ठ्यावरची भोकं खाकी चिकटपट्टीच्या तुकड्यांनी बुजवायची, पडलेले लोखंडी पॉपर उभे करायचे, त्यांना पांढरा रंग फवारायचा. माझ्या पहिल्या मॅचला एका सत्तरीच्या, निवृत्त यंत्रकामगार असलेल्या आजोबांनी काही न बोलता माझ्या हातात पॅचचं रीळ दिलं आणि स्वतः पुढे चालू लागले. माझी ओळखपरेड तेवढ्यावर उरकली. एकच पथ्य आहे: आरओने त्या टार्गेटचे गुण सांगितल्याशिवाय भोक बुजवायचं नाही, पुठ्ठ्याला बोटही लावायचं नाही. मी उत्साहाच्या भरात एकदा आरओच्या एक टार्गेट पुढे गेलो आणि एका बाईंना अख्खी स्टेज परत खेळावी लागली. त्या पहिल्यांदा फार सुंदर खेळल्या होत्या. दुसऱ्यांदा नाही.

आता सुरक्षितता. इथे मी थोडा लांबण लावणार आहे.

या क्लबांची रेंज 'कोल्ड' असते. म्हणजे आरओच्या समोर, त्याने सांगितल्यावरच पिस्तुलात गोळ्या भरायच्या, एरवी प्रत्येकाचं पिस्तूल रिकामं. घरून पिस्तूल रिकामं करून पेटीत किंवा पिशवीत घालून आणा. पार्किंगमध्ये गाडीच्या डिकीवर काढून होल्स्टरमध्ये खोचू नका. त्यासाठी 'सेफ एरिया' असतो, मागे गोळ्या अडवणारा बांध असलेलं एक टेबल. तिथे पिस्तूल काढा, होल्स्टरमध्ये घाला, रिकामा चाप ओढून बघा, काय करायचं ते करा. पण तिथे काडतुसाला हात लावायचा नाही, भरलेल्या मॅगझिनलासुद्धा नाही, आणि सरावाच्या खोट्या काडतुसालाही नाही. उलट, रेंजवर इतरत्र कुठेही बसून मॅगझिनं भरा, पण पिस्तुलाला हात नाही. एका जागी पिस्तूल, दुसऱ्या जागी काडतूस, आणि दोन्ही एकत्र फक्त आरओसमोर. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे नियम पाठ करायची गरज नाही. तुम्ही रोज भरलेलं पिस्तूल कंबरेला लावत असाल तर आल्याबरोबर एखाद्या अधिकाऱ्याला तोंडाने सांगा, तो रिकामं करायची जागा दाखवेल.

तुमची पाळी आली की संवाद ठरलेला असतो. आरओ म्हणतो, 'मेक रेडी'. पिस्तूल काढा, बांधाकडे रोखा, मॅगझिन लावा, गोळी चेंबरमध्ये घ्या, होल्स्टर करा, सांगितलेल्या ठिकाणी हात ठेवा. इथे घाई करू नका, हा वेळ कुणी मोजत नाही. दीर्घ श्वास घ्या. 'आर यू रेडी?' याला उत्तर देणं सक्तीचं नाही, नुसती मान हलवली किंवा गप्प राहिलात तरी तो तयार धरतो. तयार नसाल तर मात्र 'नॉट रेडी' असं मोठ्याने म्हणा. मग 'स्टँडबाय', आणि एक ते चार सेकंदांत बीप. झाल्यावर: 'इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर.' इथे क्रम महत्त्वाचा. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून चेंबरमधली गोळी बाहेर. उलट केलंत तर स्लाइड पुढे जाताना दुसरी गोळी वर चढते, आणि तुम्ही रिकामं समजून दाखवता ते पिस्तूल भरलेलं असतं. स्लाइड मागे धरून आरओला आत बघू द्या. 'इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर' म्हटलं की बांधाकडे रोखून चाप ओढा. टक् असा कोरडा आवाज आला पाहिजे. धाड् आला तर दिवस संपला. खाली पडलेली गोळी उचलायला आरओ 'रेंज इज क्लिअर' म्हणेपर्यंत वाकू नका.

'दिवस संपला' म्हणजे डीक्यू, डिसक्वालिफाय. त्या मॅचमध्ये पुढे खेळायचं नाही, पैसे परत नाहीत, वाद नाही. कारणं ठरलेली आहेत: भलत्या वेळी गोळी सुटणं, पळताना किंवा मॅगझिन बदलताना बोट चापावर असणं, खेळताना हातातून पिस्तूल पडणं, आणि सगळ्यांत फसवं, एकशे ऐंशीची रेषा मोडणं. तुम्ही उभे आहात तिथून डावीकडे-उजवीकडे, समोरच्या बांधाला समांतर अशी एक भिंत मनात आणा. नळीचं तोंड त्या भिंतीच्या मागे गेलं की संपलं, कारण मागे माणसं आहेत.

माझा डीक्यू तिसऱ्या मॅचला झाला. स्टेजची सुरुवात उजव्या टोकाला. तीन टार्गेट, सहा गोळ्या, मग सहा-सात पावलं डावीकडे पळत जाऊन निळ्या पिंपांच्या आडून पुढची टार्गेटं. पळता पळता मॅगझिन बदलायचं असं मी फार हुशारीने ठरवलं होतं. आता हे हातात पिस्तूल न घेता, उभं राहून करून बघा. उजव्या हाताने पिस्तूल धरणारा माणूस मॅगझिन बदलताना कोपर पोटाशी आणतो, आणि नळी आपोआप डावीकडे वळते, म्हणजे मॅगझिनची विहीर डाव्या हाताला सोयीची पडते. उभे असताना ती वळून बांधाकडेच राहते. पण डावीकडे पळताना अख्खं शरीर डावीकडे वळलेलं असतं. त्यात नळी अजून डावीकडे वळली की ती कुणीकडे बघते? मागे, टॅब्लेट घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे. मला 'स्टॉप' ऐकू आलं तेव्हा खरोखर वाटलं की एखादा पॉपर मोडला असावा.

आरओने शांतपणे पिस्तूल रिकामं करून घेतलं आणि एकाच वाक्यात काय झालं ते सांगितलं. कान तापले होते. घरी जावंसं वाटलं. पण त्या आजोबांनी पुन्हा पॅचचं रीळ पुढे केलं, आणि उरलेल्या तीन स्टेज मी भोकं बुजवत फिरलो. त्या तीन स्टेजवर दर वेळी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटाकडेच बघत होतो. चांगले खेळाडू काय करतात तर पाय डावीकडे, कंबरेवरचं अंग मुरडून बांधाकडे, पिस्तूल डोळ्यांसमोर वर, आणि मॅगझिन पहिल्या दोन पावलांत आत. तुम्ही पहिल्या मॅचला एवढंही करू नका. निघण्याआधी उभ्या जागी मॅगझिन बदला आणि मग चाला. दीड सेकंद जास्त जाईल, जाऊ द्या.

पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका. पडणाऱ्या वस्तूला झेलायची आपली सवय जुनी आहे, स्वयंपाकघरात उपयोगी पडते. इथे झेलताना बोट नेमकं चापात जातं. पडू द्या. खेळ सुरू नसताना रिकामं पिस्तूल होल्स्टरमधून पडलं तर उचलूसुद्धा नका, आरओला बोलवा, तो उचलून देईल आणि तुमची मॅच वाचेल. स्वतः उचललंत तर डीक्यू. आणि खेळताना एखादी गोळी धाड् न वाजता भुस्स् अशी मऊ वाजली तर लगेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते, मागून दुसरी झाडलीत तर नळी फुटेल.

सामानाचं उरकतो. जे पिस्तूल आहे तेच. त्यावर डॉट, म्हणजे नेमासाठी ठिपका दाखवणारी काच, बसवलेला नसेल तर प्रॉडक्शन डिव्हिजन, असेल तर कॅरी ऑप्टिक्स. चाप पूर्ण झाकणारं, कडक प्लास्टिकचं, उजव्या कंबरेवर बाहेरून लागणारं होल्स्टर घ्या. काखेतलं, आडवं किंवा मऊ कापडी नको. जाड पट्टा, चार मॅगझिनं, पट्ट्यावर त्यांचे तीन पाऊच. कानांसाठी मफ, डोळ्यांना चष्मा, डोक्यावर टोपी, कारण झाडलेल्या काडतुसाचं तापलेलं पितळी कवच उडून कॉलरमध्ये पडलं की माणूस नाचतो, आणि हातात भरलेलं पिस्तूल घेऊन नाचलेलं चालत नाही. दोनशे गोळ्या न्या, दीडशे लागतील. कारखान्यातल्या साध्या नऊ एमएमच घ्या, पोलादी गाभ्याच्या नकोत, क्लब पॉपर खराब होतात म्हणून परत पाठवतात. पॉवर फॅक्टर नावाची किमान ताकद लागते, १२५. गोळीचं वजन ग्रेनमध्ये गुणिले वेग सेकंदाला फुटांमध्ये, भागिले हजार. १२४ ग्रेनची गोळी १०५० फुटांनी गेली तर १३० झाले. दुकानातल्या नेहमीच्या डब्याची चिंता करू नका. फी वीस-पंचवीस-तीस डॉलर, नाव प्रॅक्टिस्कोअर या वेबसाइटवर द्यायचं, निकालही त्याच संध्याकाळी तिथेच. महागडं झेक पिस्तूल, चुंबकी पाऊच हे सगळं वर्षभराने. मी पहिल्याच वर्षी घेतलं होतं आणि माझा वर्ग 'डी'चा 'डी'च राहिला.

वर्ग म्हणजे काय, तर काही ठरावीक स्टेज देशभर सगळीकडे तशाच मांडतात, त्यांना क्लासिफायर म्हणतात. अशा चार झाल्या की सदस्याला टक्केवारीवरून वर्ग मिळतो: चाळीसच्या खाली डी, मग सी, साठला बी, पंचाहत्तरला ए, पंच्याऐंशीला मास्टर, पंच्याण्णवला ग्रँड मास्टर. मी चौदा वर्षांत बीच्या दारात उभा आहे.

पळापळ अजिबातच झेपणार नाही असं वाटत असेल तर त्याच क्लबात बहुधा स्टील चॅलेंजही असतं. ठरलेल्या आठ स्टेज, प्रत्येकीवर पाच पत्रे, जवळजवळ सगळ्या एकाच जागी उभं राहून. .२२ घेऊन खेळलात तर होल्स्टरसुद्धा लागत नाही. मुलं, आजी-आजोबा सगळे खेळतात. आयडीपीए हा तिसरा प्रकार, १९९६ पासूनचा. त्यात पिस्तूल कपड्याखाली झाकलेलं, आडोशामागून नेम, आणि एका स्टेजला अठराच गोळ्या. मला आयडीपीएतले आडोशाचे नियम किचकट वाटतात, पण हे माझं मत. स्टेज स्वतः सोडवायची ही यूएसपीएसएतली गंमत मला जास्त आवडते. खेळण्याआधी पाच मिनिटं 'वॉकथ्रू' असतो. सगळं स्क्वॉड बोटाचं पिस्तूल करून, पुटपुटत, मोकळ्या मैदानात चालत असतं. बाहेरच्या कुणी पाहिलं तर मांत्रिकांचा मेळावा वाटेल. तुम्हीही चाला. टार्गेट मोजा, आणि दोनदा मोजा, कारण भिंतीआड लपलेलं एक हटकून राहतं. मॅगझिन कुठे बदलायचं ते ठरवा, आणि मग डोळे मिटून मनात तीनदा पहिल्यापासून खेळा. डोळे मिटल्यावर एखाद्या ठिकाणी चित्र अडकलं तर बीपनंतरही तिथेच अडकणार.

मध्ये भूक लागते. पहिल्या वर्षी मी डब्यात पोहे न्यायचो आणि हातानेच खायचो. बंदुकीच्या धुरात आणि काडतुसांच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोप्यांत शिसं असतं, ते बोटांवर बसतं. आपली जेवायची पद्धत त्या दृष्टीने वाईटच. रेंजवर चमच्याने खा, किंवा वेष्टन धरून खाता येईल असं काही न्या. हात साबणाने आणि गार पाण्याने धुवा. रेंजचे बूट घराबाहेर, रेंजचे कपडे वेगळे धुवा, आणि अंघोळीआधी लहान पोराला उचलून घेऊ नका. दर वर्षी रक्तातलं शिसं तपासून घ्या, डॉक्टरांना सांगितलं की चाचणी लिहून देतात.

घरी रिकाम्या पिस्तुलाचा सराव कराल तेव्हा गोळ्या दुसऱ्या खोलीत, कुलपात. रोजची दहा मिनिटं होल्स्टरमधून काढणं आणि डावीकडे चालताना भिंतीवरच्या एका खुणेवर नळी रोखून धरणं, हे महिनाभर केलंत तर माझी तिसरी मॅच तुमच्या वाट्याला यायची नाही.

आणि एक शेवटचं, जे तुम्हाला क्लबातलं कुणी सांगणार नाही, कारण त्यांना नागपूर-पुण्याला जायचं नसतं. रेंजची बॅग ही फक्त रेंजचीच. लॅपटॉपची सॅक किंवा प्रवासाची बॅग रेंजवर न्यायचीच नाही, एकदासुद्धा नाही. भारतात विनापरवाना एक जिवंत काडतूस जवळ सापडलं तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो, आणि अमेरिकेतून आलेल्या माणसांच्या सामानात विसरलेली काडतुसं तिथल्या विमानतळांवर सापडलेली आहेत. तुम्ही सुट्टीवर, परतीचं तिकीट काढलेलं, आणि पासपोर्ट कोर्टात.

सहा वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानाच्या आदल्या रात्री मी जुनी सॅक भरत होतो. बाजूच्या खिशाचं अस्तर उसवलं होतं. आत हात घातला तर बोटाला गार, गुळगुळीत काहीतरी लागलं. आधी वाटलं, लिपस्टिक. नऊ एमएमचं काडतूस होतं. ती सॅक रेंजवर फक्त एकदा नेली होती, पाऊस होता म्हणून. काडतूस गॅरेजमधल्या डब्यात ठेवलं, सॅक त्याच रात्री कचऱ्यात टाकली, आणि बायकोने अडीच तास खपून भरलेल्या चारही बॅगा पुन्हा उघडून खिसा न् खिसा उलटा केला.